तांदुळाएवढी ग्रंथि आणि सर्पगंधेचें मूळ



आमचें नागभीड गांव झाडीपट्टींत आहे. धानाच्या बांध्या, त्यांना पाणी पुरविणारीं तळीं व बोड्या, आणि बांध्या संपतांच सुरू होणारें जंगल, एवढ्यांत त्याचें वर्णन आटोपतें. अशा मुलखांत लहान वस्तूचें माप सांगावयाचें झाल्यास माणूस सहजच तांदुळाच्या दाण्याकडे बोट दाखवितो. आज मला ज्या वस्तूविषयीं बोलावयाचें आहे तिचें मापही नेमकें तेंच आहे, आणि ती वस्तु आपणां प्रत्येकाजवळ आहे.

आपल्या मानेच्या दोन्ही अंगांस, जबड्याच्या कोनाच्या जरा खालीं बोट ठेवलें असतां नाडी लागते. तेथें मस्तकाकडे रक्त नेणारी मोठी धमनी दुभंगते. त्या दुबेळक्यांत तांदुळाच्या दाण्याएवढी एक ग्रंथि बसविलेली आहे. डॉक्टरमंडळी तिला कॅरोटिड बॉडी म्हणतात. आपण आजपुरतें तिला धमनीग्रंथि म्हणूं. रक्तांत प्राणवायु पुरेसा आहे कीं नाहीं हें क्षणोक्षणीं चाखून पाहावें, आणि तो कमी पडतांच मेंदूला हांक मारावी, हें तिचें काम. केदारनाथास गेलेल्या यात्रेकरूंना माझें म्हणणें लगेच पटेल. सुमारें साडेतीन हजार मीटर उंचीवर बसल्या जागीं श्वास जलद चालूं लागतो. आपण तसें ठरविलेलें नसतें. मानेंतील या दोन दाण्यांनीं तें ठरविलेलें असतें.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि मुलांना पाढे शिकविण्यांत आयुष्य घालविलेला मास्तर आहें. शरीरशास्त्र हा माझ्या अधिकाराचा विषय नव्हे. परंतु आमच्या घरांत घडलेल्या एका प्रसंगामुळें मी या विषयाच्या नादीं लागलों, आणि सेवानिवृत्तीनंतर मिळेल तें वाचीत गेलों. तो प्रसंग यथास्थल सांगेन. तत्पूर्वीं दोन निरनिराळ्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत; एक या ग्रंथीची व दुसरी एका रानटी मुळाची. पुढें त्या एकमेकींस येऊन मिळतात.

ग्रंथीचें पहिलें वर्णन १७४३ सालीं जर्मनींत झालें. आल्ब्रेख्ट फॉन हालर या विख्यात शास्त्रज्ञाचा टाउबे नांवाचा एक शिष्य होता; प्रेताची चिरफाड करतांना त्याच्या दृष्टीस ही बारीक गांठ पडली. पण ती तेथें कशासाठीं आहे हें त्याला सांगतां आलें नाहीं, आणि पुढें जवळजवळ पावणेदोनशें वर्षें कोणालाच सांगतां आलें नाहीं. कोणी म्हणे, हा मज्जातंतूंचा नुसता गुंता आहे. कोणी म्हणे, मूत्रपिंडावर बसलेल्या ग्रंथीसारखी ही रक्तांत कांहीं रस सोडणारी ग्रंथि असावी.

हें कोडें सोडविण्यास स्पेनमधील माद्रिद शहरीं आरंभ झाला. मज्जातंतुशास्त्राचे आचार्य काहाल यांचे शिष्य फर्नांदो दे कास्त्रो यांनीं १९२६ ते १९२८ या काळांत ग्रंथीचे अतिशय पातळ काप करून, ते रंगवून, सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले. ग्रंथींतील पेशींना येऊन भिडणारे तंतु मेंदूकडून आज्ञा आणणारे नसून मेंदूकडे बातमी नेणारे आहेत, असें त्यांस आढळलें. यावरून त्यांनीं अनुमान बांधलें कीं, जशी जीभ अन्नाची चव घेते तशी ही ग्रंथि रक्ताची चव घेत असली पाहिजे. प्रत्यक्ष प्रयोगानें तें सिद्ध करण्याचें श्रेय मात्र बेल्जममधील गेंट येथील कॉर्नेय हेमान्स यांस लाभलें. त्या वेळीं सर्वसाधारण समज असा होता कीं, प्राणवायूची उणीव मेंदूला स्वतःलाच कळते. १९३० च्या सुमारास हेमान्स व त्यांचे सहकारी यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, मेंदूला चांगलें रक्त मिळत असतांही, केवळ मानेंतील या भागास प्राणवायुहीन रक्त पुरविलें तर श्वास जलद होतो. आणि तेथून निघणारा तंतु तोडला तर होत नाहीं. या शोधाबद्दल त्यांना १९३८ सालचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. दे कास्त्रो यांच्या देशांत तेव्हां यादवी युद्ध चाललें होतें. ज्यानें प्रथम वाट दाखविली त्याचें नांव मागें राहिलें. शास्त्राच्या इतिहासांत असें वारंवार घडतें, म्हणून त्याचा मुद्दाम उल्लेख केला.

ग्रंथीचें महत्त्व मनुष्यांतही निराळ्या रीतीनें दिसून आलें. जपानमधील नाकायामा या शस्त्रवैद्यांनीं दम्याच्या हजारों रोग्यांच्या मानेंतून ही ग्रंथि काढून टाकली व १९६१ सालीं त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. दम्यावरील हा उपाय पुढें टिकला नाहीं. परंतु ज्यांच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथी गेल्या अशा माणसांची नंतर तपासणी झाली, तेव्हां एक गोष्ट स्पष्ट झाली. त्यांना प्राणवायु कमी असलेली हवा दिली तरी त्यांचा श्वास फारसा वाढत नसे. पहारेकरी गेला होता. चोर आला तरी घरांत कोणास जाग येत नव्हती.

ही झाली ग्रंथीची गोष्ट. आतां मुळाची.

सर्पगंधा हें नांव आपण ऐकलें असेल. मराठींत तिला हरकई, अडकई, मुंगूसवेल अशींही नांवें आहेत. हातभर किंवा त्याहून थोडें उंच वाढणारें हें झुडूप सावलीच्या ओलसर जंगलांत उगवतें, आणि आमच्या पूर्व विदर्भाच्या रानांतही तें आढळतें. लालसर देंठांवर पांढरीं-गुलाबी फुलें, पुढें काळसर जांभळीं फळें, आणि जमिनींत वेडेंवांकडें, चवीला अत्यंत कडू मूळ. मुंगूसवेल या नांवामागें जुनी कथा आहे. नागाशीं झुंजण्यापूर्वीं मुंगूस हें मूळ चावून येतें, म्हणून त्याला विष बाधत नाहीं, अशी समजूत देशभर पसरलेली होती. गोव्यांत राहणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांनीं १५६३ सालीं तेथेंच छापून प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत सर्पविषावरील मुळ्यांची व मुंगुसाच्या या कथेची हकीकत दिली आहे. त्यांनीं वर्णिलेल्या मुळ्यांपैकीं एक सर्पगंधेची असावी असें अनेक अभ्यासक मानतात. पुढें प्ल्यूमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानें या जातीच्या झाडांना राउवोल्फ नामक जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ राउवोल्फिया असें नांव दिलें. गंमत अशी कीं, त्या राउवोल्फनें आपली ही सर्पगंधा कधींच पाहिली नव्हती.

बिहारकडे हेंच मूळ ‘पागल-की-दवा’ म्हणून विकलें जात असे. भ्रमिष्ट व खवळलेल्या माणसास तें दिलें म्हणजे तो शांत होतो, हा लोकांचा अनुभव होता. १९३१ हें वर्ष या मुळाच्या इतिहासांत महत्त्वाचें. त्या वर्षीं कलकत्त्यास गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं वेड आणि रक्तदाब या दोन्ही विकारांवर त्याचा गुण येतो असें लिहिलें. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजांत सलीमुज्जमान सिद्दिकी व त्यांचे सहकारी यांनीं मुळांतून कांहीं शुद्ध द्रव्यें वेगळीं केलीं, आणि त्यांपैकीं एकास हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ अजमलिन असें नांव दिलें.

तरीही पाश्चात्त्य वैद्यकाचें लक्ष या मुळाकडे वेधलें तें आपल्या मुंबईहून. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवर सर्पगंधेच्या गोळ्यांचा पद्धतशीर उपयोग करून पाहिला, आणि १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकांत त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या काळीं वाढलेल्या रक्तदाबावर डॉक्टरांजवळ सोसेल असें औषध जवळपास नव्हतेंच. वकिलांचा लेख वाचून अमेरिकेंतील बोस्टन येथें विल्किन्स यांनीं तें औषध वापरण्यास सुरुवात केली. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरीं म्युलर, श्लिटलर व बाइन या शास्त्रज्ञांनीं मुळांतील मुख्य गुणकारी द्रव्य स्फटिकरूपांत मिळविलें. त्याचें नांव रिसर्पिन. १९५४ सालीं न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनीं मनोरुग्णांवर त्याचा उपयोग होतो असें दाखविलें. डॉ. वकील यांस १९५७ सालीं अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक व १९५८ सालीं पद्मभूषण मिळालें. रानांतल्या एका कडू मुळानें तीनचार वर्षांत साऱ्या जगाचा प्रवास केला.

आतां घरचा प्रसंग सांगतों.

माझे वडील शेतकरी होते, पण गांवांत त्यांची ओळख शेतकरी म्हणून नव्हती. दंडारींतला गळा म्हणून होती. दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले कीं झाडीपट्टींत रात्ररात्र दंडारी होतात. बाबा उभे राहिले म्हणजे मागच्या रांगेंत बसलेल्या म्हातारीलाही शब्द न् शब्द ऐकूं येई. १९७४ सालीं त्यांना चक्कर येऊं लागली. तेव्हांच्या अरुंद रुळांच्या चिमुकल्या गाडीनें आम्ही त्यांना मोठ्या गांवीं नेलें. तेथें रक्तदाब फार असल्याचें निदान झालें व गोळ्या सुरू झाल्या. त्या रिसर्पिनच्या होत्या, हें आम्हांस फार उशिरां कळलें. चक्कर थांबली. घरांत सर्वांस हायसें वाटलें. गोळ्या चालूच राहिल्या. फिरून तपासणी झाली नाहीं, आणि किती दिवस घ्यावयाच्या हें आम्हीं विचारलें नाहीं व कोणीं सांगितलेंही नाहीं.

चारसहा महिन्यांत बाबा बोलेनासे झाले. रागावत नसत, रडत नसत. ओसरीवर बसून बांधीकडे पाहात असत. जेवण पुढें आलें तर जेवत, नाहीं आलें तर मागत नसत. मंडई आली आणि ते घरांतच बसून राहिले. शेजारीं म्हणूं लागले, “यांना कोणाची तरी नजर लागली.” कोणी करणीची शंका घेतली. आईनें उतारे केले, अंगारा लावला. मी मॅट्रिकच्या अभ्यासांत होतों; वडील आळशी झाले आहेत असें माझ्या मनांत येई, आणि एकदां मीं तें बोलूनही दाखविलें. त्याची आठवण झाली कीं आजही मान खालीं जाते.

पुढें निराळ्याच कारणानें एक वृद्ध डॉक्टर घरीं आले. त्यांनीं गोळीचें पाकीट मागितलें, नांव वाचलें, आणि बाबांकडे बराच वेळ पाहिलें. मग आईला म्हणाले, “बाई, ही गोळी आतां बदलूं. पण मला तीन आठवड्यांनीं कळवा, यांनीं काय बोलायला सुरुवात केली तें.” महिन्याभरानें एका पहाटे बैलांना वैरण टाकतांना बाबा गुणगुणतांना ऐकूं आले. आई चुलीजवळ होती. ती तशीच बसून राहिली.

त्या एका गोळीमुळेंच सर्व झालें असें मी छातीठोकपणें सांगत नाहीं. रिसर्पिन मोठ्या प्रमाणांत व दीर्घकाळ घेतलेल्या कांहीं रोग्यांना खिन्नतेनें घेरल्याचें अमेरिकेंतील डॉक्टरांनीं १९५४ सालींच नोंदविलें होतें. पुढें कित्येकांनीं या संबंधावर शंकाही घेतल्या, आणि अल्प प्रमाणांत हा धोका कमी असतो असें दिसून आलें. पण गोळीचा आणि मनाचा संबंध असूं शकतो, एवढी जाण आमच्या घरांत कोणास असती, तर एक वर्ष वांचलें असतें. हा संबंध कसा जडतो याचा शोध घेतां घेतां मी मानेंतल्या त्या तांदुळाच्या दाण्यापर्यंत येऊन पोहोंचलों.

त्याची उकल अशी. एका मज्जातंतूचा निरोप दुसऱ्यास पोहोंचतो तो बहुधा रासायनिक द्रव्याच्या द्वारें. हें द्रव्य ऐन वेळीं तयार करीत बसणें परवडत नाहीं. म्हणून पेशी तें आधींच तयार करून सूक्ष्म पिशव्यांत सांठवून ठेवते. धान निघाल्यावर आपण तें कणगींत भरून ठेवतों आणि गरजेनुसार खालून काढतों, तसेंच हें. प्रत्येक पिशवीच्या कडेला धान्य आंत ओढून घेणारीं दारें असतात. रिसर्पिन त्या दारांतच जाऊन घट्ट बसतें, आणि एकदां बसलें कीं सहसा सुटत नाहीं. बाहेर राहिलेलें द्रव्य उघड्यावर पडलेल्या धान्यासारखें नासतें, म्हणजे पेशींतील पाचकद्रव्य त्याचा नाश करतें. पिशव्यांत होतें तें झिरपून संपतें. अशा रीतीनें कणगी रिकामी होते, आणि ती पुन्हां भरण्यास नव्या पिशव्या तयार व्हाव्या लागतात. यास दिवस नव्हे, आठवडेही लागतात. औषध शरीरांतून निघून गेल्यावरही त्याचा परिणाम मागें कां राहतो, आणि त्या वृद्ध डॉक्टरांनीं तीन आठवड्यांची मुदत कां दिली, याचा उलगडा येथें होतो.

हें ज्ञान पायरीपायरीनें मिळालें. १९५५ सालीं अमेरिकेंत ब्रोडी व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, रिसर्पिन दिल्यावर शरीरांतील सेरोटोनिन नांवाच्या द्रव्याचा सांठा रिता होतो. लगोलग स्वीडनमधील आर्विद कार्लसन व हिलार्प यांनीं ॲड्रेनलिनच्या वर्गांतील द्रव्यांचीही तीच गत होते असें सिद्ध केलें. १९५७ सालीं कार्लसन यांनीं एक विलक्षण प्रयोग केला. रिसर्पिन दिलेले ससे कान पाडून, निश्चल पडून राहात. त्यांना डोपा हें द्रव्य टोंचलें, ज्यापासून शरीर डोपामिन बनवितें, तर ते थोड्याच वेळांत उठून हिंडूं लागत. डोपामिन हें स्वतंत्र संदेशद्रव्य आहे हें यावरून उमगलें, कंपवाताच्या रोग्यांवरील उपचार यांतूनच निघाला, आणि कार्लसन यांस २००० सालीं नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. त्या निश्चल सशांचें वर्णन मीं प्रथम वाचलें तेव्हां मला आमची ओसरी दिसली.

आतां दोन्ही गोष्टी एकत्र येतात. १९५० नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हातीं आला, आणि धमनीग्रंथींतील पेशींच्या पोटांत काळे ठिपके असलेल्या असंख्य पिशव्या दिसूं लागल्या. १९६० नंतरच्या दशकांत अशी युक्ति निघाली कीं, ऊतींच्या वाळविलेल्या तुकड्याला फॉर्मल्डिहाइडच्या वाफेंत ठेवलें असतां डोपामिनच्या वर्गांतील द्रव्यें विशिष्ट प्रकाशांत हिरवीं चमकतात. ग्रंथीच्या पेशी अशा लखलखल्या. १९६८ सालीं डर्नली, फिलेंझ व वुड्स यांनीं सशाच्या ग्रंथींतील द्रव्य डोपामिन असल्याचें ओळखलें. आणि प्राण्याला रिसर्पिन दिलें कीं ती चमक मंदावे.

कोणालाही वाटावें कीं, कोडें सुटलें. प्राणवायु कमी होतांच ग्रंथीची पेशी डोपामिन सोडते, तें तंतूला भिडतें, आणि तंतु मेंदूला हांक मारतो. पण शाळेंत मुलांना मी सांगत असें कीं, उत्तर बरोबर दिसलें तरी ताळा करून पाहा. येथें ताळा करण्याचें साधन रिसर्पिन हेंच होतें. जर डोपामिन हाच निरोप्या असेल, तर कणगी रिकामी झाल्यावर ग्रंथि मुकी झाली पाहिजे.

ती मुकी झाली नाहीं. रिसर्पिननें, व शिवाय डोपामिनची नवी निर्मिति थांबविणाऱ्या औषधानें, सशांच्या ग्रंथींतील सांठा जवळजवळ निपटून काढण्यांत आला. मग ती ग्रंथि शरीराबाहेर पात्रांत ठेवून तिच्या तंतूंतील स्पंदनें मोजण्यांत आलीं. लाइटनेर, रूमी व व्हेर्ना या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १९८३ सालीं हे प्रयोग प्रसिद्ध केले. प्राणवायु कमी करतांच स्पंदनें पूर्ववत् वाढत होतीं. कणगी रिती, पण हांक कायम! त्यापूर्वींही रासायनिक निरोपाच्या साध्या कल्पनेवर शंका घेणारे होते. आपल्या दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील नामांकित शास्त्रज्ञ अवतारसिंग पेंटल हे त्यांपैकीं एक होत.

मग डोपामिन तेथें कशासाठीं? आज सर्वसाधारणपणें पुढील चित्र मानलें जातें. प्राणवायु उणा झाला कीं पेशीच्या पापुद्र्यांतील पोटॅशियमची वाट आवळली जाते. ही गोष्ट स्पेनमधीलच लोपेस-बार्नेओ यांच्या गटानें १९८८ सालीं दाखविली, ही एक योग्य परतफेड म्हटली पाहिजे. त्यायोगें पेशींत विद्युत्पालट होतो, कॅल्शियम आंत शिरतें, आणि पिशव्या फुटून आंतील माल बाहेर पडतो. पण या पेशीच्या घरीं एकच कणगी नाहीं. ए. टी. पी. आणि ॲसेटिलकोलिन हीं द्रव्येंही तेथें सांठविलेलीं असतात. मेंदूला जाणारी हांक मुख्यत्वें त्यांची. डोपामिन बहुतेक प्राण्यांत व मनुष्यांत उलट काम करतें. हांक फार मोठी होऊं नये म्हणून तें पेशीलाच आवरतें. बैलगाडी उतारावरून जातांना मागून दोर धरणारा माणूस असतो तसें तें आहे. म्हणूनच माणसाच्या शिरेंतून डोपामिन दिलें असतां, प्राणवायूच्या उणिवेला श्वासाचा प्रतिसाद मंदावतो. अत्यवस्थ रोग्यांना रक्तदाब टिकविण्यासाठीं हें औषध देणाऱ्या डॉक्टरांना ही गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. उलटपक्षीं डोपामिनला अडविणारें डोम्पेरिडोन हें ओकारीवरील औषध ग्रंथीची हांक वाढवितें. एकच औषध मनावर, धमन्यांवर आणि श्वासावर निरनिराळें काम करतें, कारण कणग्या अनेक ठिकाणीं आहेत आणि प्रत्येक ठिकाणीं त्यांतील धान्याचा उपयोग निराळा आहे.

या साऱ्याचा नागभीडच्या माणसाला काय उपयोग, असें कोणी विचारील. उपयोग आहे, आणि तो जिवाशीं गांठ पडण्याइतका आहे.

सर्पगंधेच्या नांवांत सर्प आहे आणि मुंगसाची कथा अजून लोकांच्या तोंडीं आहे. आमच्याकडे धानाच्या हंगामांत, रात्रीं जमिनीवर निजलेल्या माणसाला मण्यार चावते. वेदना फारशी होत नाहीं, सूजही येत नाहीं. माणूस पुन्हां झोंपतो. मण्यारीच्या विषांतील एक घटक स्नायूंना आज्ञा देणाऱ्या तंतूंच्या टोंकांवर घाला घालतो, आणि तेथील ॲसेटिलकोलिनच्या पिशव्या संपवून टाकतो. पाहा, येथेंही कणगीच रिकामी होते. पण ही कणगी श्वासाच्या स्नायूंची आहे. पापण्या जड होतात, शब्द जड होतात, छाती हालेनाशी होते. अशा वेळीं मानेंतील तो दाणा आकांत करीत असतो, मेंदू आज्ञा सोडीत असतो, आणि आज्ञा पाळणारे हात मात्र लुळे पडलेले असतात. या अवस्थेंत सर्पगंधेचें मूळ चघळून कांहींही साधत नाहीं. तें दाराला खीळ घालणारें औषध आहे. मण्यारीच्या विषावर उतारा नव्हे. रक्तदाब उतरविण्याचा त्याचा गुण तर अशा रोग्यास अपायकारकच व्हावयाचा. उतारा आहे तो नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांच्या विषावर चालणाऱ्या प्रतिविषाचा. परळच्या हाफकिन संस्थेनें त्याच्या निर्मितींत मोठें काम केलें आहे. तें शक्य तितक्या लौकर मिळावयास हवें. कारण तंतूंचीं टोंकें एकदां उद्ध्वस्त झालीं म्हणजे प्रतिविषानें तीं परत येत नाहींत, आणि नवीं तयार होईपर्यंत यंत्रानें श्वास द्यावा लागतो. मूळ उगाळण्यांत गेलेला तास हा रुग्णालयाच्या वाटेवरून चोरलेला तास असतो.

दुसरी गोष्ट सर्पगंधेची स्वतःची. १९५० नंतर परदेशांत मागणी इतकी वाढली कीं, देशभरच्या रानांतून हीं झुडुपें खणून नेण्यांत आलीं. तेंदूचें पान तोडलें तर झाड राहतें, मोहाचें फूल वेंचलें तर मोह पुढच्या वर्षीं पुन्हां फुलतो. पण सर्पगंधेचें मूळ काढलें म्हणजे झुडूपच संपतें. १९९० सालापासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. रक्तदाबावर आतां निराळीं व अधिक सुरक्षित औषधें निघालीं असून रिसर्पिनचा वापर फारच थोडा उरला आहे. ज्या मुळानें एवढें ज्ञान दिलें त्याला रानांत सुखानें वाढूं द्यावें, आणि कोणास हवेंच असेल त्यानें तें शेतांत लावावें, हें उचित.

अखेरीस एक विनंति. आपल्या घरांत कोणी वडीलधारें माणूस नवें औषध घेऊं लागल्यावर कांहीं महिन्यांनीं गप्प झालें, तर त्याला नजर लागली असें म्हणूं नका, आणि माझ्यासारखें आळशीही म्हणूं नका. औषध मनानें बंद करूं नका. तेंही घातक आहे. गोळीचें पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा. बाबा पुढें बारा वर्षें जगले, आणि त्यांपैकीं नऊ मंडयांत ते दंडारींत उभे राहिले. मी त्यांना आळशी म्हणालों होतों, त्याबद्दल त्यांची क्षमा मागावयाची राहून गेली. तें कर्ज अशा रीतीनें, आपणांस ही हकीकत सांगून, थोडेंसें फेडावें, एवढ्याचसाठीं आज बोललों.